किती महिन्यांचा पगार?



चीनचा विषय निघाला की आपण सीमेवर बोलतो, स्वस्त मालावर बोलतो, आणि तिथल्या माणसांवर आलो की ‘छे, तिथे हुकूमशाही, तोंड कोण उघडणार!’ म्हणून मोकळे होतो. माणसांनी तोंड उघडलं होतं हो. फोनवर, रेडिओवर, वर्षानुवर्षं. आणि ती बोलली त्यात ‘स्वातंत्र्य’, ‘लोकशाही’ हे शब्द फारसे नसायचे. किती महिन्यांचा पगार थकला, ते असायचं. आज मला एवढंच सांगायचंय, आणि ते मी दोन-तीनदा सांगणार आहे. कंटाळा करू नका.

हान दोंगफांग हा बीजिंगच्या रेल्वेतला इलेक्ट्रिशियन. १९८९ साली तिआनानमेन चौकात विद्यार्थी जमले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच दिवसांत बीजिंगच्या कामगारांनी आपली स्वतंत्र संघटना काढली, तिच्या पुढाऱ्यांमधला हा एक. रणगाडे आले, हान आत गेला. खटला न चालवता २२ महिने. तुरुंगात क्षय जडला आणि पुढे अमेरिकेत एक फुप्फुस काढावं लागलं. १९९३ मध्ये मायदेशी परतला, तर सरकारने धरून हाँगकाँगला घालवून दिलं. दुसरा कोणी असता तर अमेरिकेत व्याख्यानं देत फिरला असता. यानं हाँगकाँगलाच मुक्काम ठोकला, १९९४ मध्ये ‘चायना लेबर बुलेटिन’ ही संस्था काढली, आणि १९९७ पासून ‘रेडिओ फ्री एशिया’वर कामगारांशी बोलायला लागला.

आता बोलायचं म्हणजे कसं? भाषण नाही. कुठल्याशा कारखान्याच्या दारात बायाबापड्या बसल्याचं कळलं की हा फोन लावायचा. पगार कधीपासून नाही? महिना किती मिळायचा? कारखाना विकला, तो कुणाला? पेन्शनचं काय? एवढं झालं की तोच फोन कारखान्याच्या कचेरीत, मग सरकारी युनियनच्या कार्यालयात. चीनमध्ये कायद्याने मान्य असलेली संघटना एकच, सरकारी. संपाचा हक्क तर राज्यघटनेतून १९८२ मध्येच काढून टाकला. तेव्हा युनियनच्या साहेबाला ‘तुमच्या कामगारांसाठी तुम्ही काय केलंत?’ असं विचारणं, आणि तेही रेडिओसाठी! साहेब फोन आदळायचा, किंवा आपल्याला काही माहीत नाही म्हणायचा. तेही श्रोत्यांना ऐकू जायचं.

आपल्याकडे वाण्याची उधारीची वही असते ना, तसं हे आहे. त्या वहीत ‘गिऱ्हाईक लबाड आहे’ असं कोणी लिहीत नाही. तारीख, साखर दोन किलो, बाकी इतकी. बस. भांडण झालं की वही उघडायची. चीनमध्ये अडचण अशी की देणेकऱ्याच्या हातातच वही. कारखाना सरकारचा, युनियन सरकारची, वर्तमानपत्र सरकारचं; पान फाडलं तर विचारणार कोण? हाननं काय केलं, तर दुसरी वही घातली आणि ती दुकानाबाहेर ठेवली. फाडायला हातच पोचत नाही अशा जागी.

लियाओयांगचं उदाहरण घ्या. ईशान्य चीनमधलं कारखान्यांचं शहर. तिथला लोहमिश्रधातूंचा कारखाना दिवाळखोरीत गेला, पगार आणि पेन्शन थकली. मार्च २००२ मध्ये तिथल्या एका बड्या अधिकाऱ्याने टीव्हीवर सांगितलं की लियाओयांगमध्ये बेकार कोणी नाही. लोक हजारोंनी रस्त्यावर आले. याओ फूशिन आणि शियाओ युनलियांग या दोघा कामगारांना पकडलं आणि २००३ मध्ये शिक्षा झाली, सात आणि चार वर्षं. आरोप? राज्यसत्ता उलथवण्याचा! मागणी काय होती, तर बुडवलेला पगार. आता बघा, ‘बेकार कोणी नाही’ हे टीव्हीवरचं वाक्य खोडायला तत्त्वज्ञान लागत नाही. एका कामगाराने आपल्या बाकीचा आकडा सांगितला की ते पडतं. म्हणून तर मी पुन्हा पुन्हा सांगतोय, किती महिने, किती पैसे, कुणाकडे.

खाणींचंही तेच. २००२ या एका वर्षात चीनच्या कोळसा खाणींत जवळजवळ सात हजार माणसं मेली, आणि हा आकडा सरकारी. २००५ च्या फेब्रुवारीत फूशिन शहराजवळ सुनजियावान खाणीत स्फोट झाला, २१४ गेले. एवढे आकडे ऐकून आपलं मन बधिर होतं, हे मी जाणतो. पण कोणी विचारावं, वायू साठलाय हे वर कळवलं होतं का? कळवल्यावर काम थांबलं का? की मग तो आकडा परत माणसांचा होतो. खाणींवर खरं तर वेगळं भाषण हवं, ते राहू द्या.

हे सगळं रेडिओवर ऐकू येऊ नये म्हणून चीन सरकारने त्याच लहरीवर ढोल-झांजांचं चिनी संगीत सोडलं. तासभराचं, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. लघुलहरी ऐकण्याचा नाद असलेली जगभरची मंडळी त्याला ‘फायरड्रेक’ म्हणतात. वाद्यवृंद चांगला आहे बरं का, वाजवणाऱ्यांचा काही दोष नाही. तरी लोक काटा इकडेतिकडे सरकवून ऐकत. एक तर सेट स्वस्त, आणि मुख्य म्हणजे ऐकणाऱ्याची नोंद कुठेच होत नाही. मोबाइलवर तुम्ही काय पाहिलंत ते कुणाला तरी कळतं. रेडिओवर काय ऐकलंत ते भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यालाच काय ते कळेल. बोलणाऱ्याचं मात्र तसं नाही. त्याचा फोन सापडतो, घर सापडतं. तरी तो बोलायचा, याला काय म्हणावं?

तुमच्यातला कोणी आता म्हणेल, पैसा अमेरिकन सरकारचाच ना? हो. रेडिओ फ्री एशिया अमेरिकी काँग्रेसच्या पैशावर १९९६ मध्ये सुरू झाला, आणि त्यात अमेरिकेचा स्वार्थ नव्हता असं मी म्हणणार नाही. पण पगार थकला होता तो खराच होता. वहीचा कागद कुणी विकत घेतला यावरून बाकी खोटी ठरत नाही. धोका दुसराच आहे, दुकानाचं भाडं दुसरा भरत असला की तो थांबला म्हणजे दुकान बंद. तसंच झालं. २०२५ मध्ये वॉशिंग्टनने निधी रोखला आणि ऑक्टोबरअखेर रेडिओ फ्री एशियाने बातम्यांचं काम थांबवलं. त्याआधी जूनमध्ये ‘चायना लेबर बुलेटिन’नेही पैशाच्या अडचणीमुळे काम बंद केल्याचं जाहीर केलं होतं. बीजिंगच्या ढोल-झांजांना जे जमलं नाही ते… असो, समोर वेळ संपत आल्याचा लाल दिवा लागलाय.

एकच घाईने सांगतो. त्या सरकारी युनियनच्या लोकांवर हान चिडलेला नसायचा. पुढे पुढे तर त्याच्या संस्थेने हाच उद्योग पद्धतशीर केला. कुठे अपघात झाला, कुठे पगार बुडाला, की तिथल्या युनियनला फोन करायचा, आणि साहेबांना शिव्या न देता, कामगाराला भेटलात का, भेटला नसाल तर कधी भेटणार, असं विचारत राहायचं. या फोनवरच्या संभाषणांबद्दल मला खूप बोलायचं होतं. पुढच्या वेळी निर्मातेसाहेबांनी बोलावलं तर तिथूनच सुरू करीन.