कधी आलीस, कधी जाणार?

मागे जो आवाज येतोय ना, तो पाऊस आहे. खिडक्या लावल्यात, पंखा बंद केलाय, तरी तो माइकमध्ये घुसतोच. लाइट आत्तापर्यंत दोनदा गेलीये, तेव्हा मध्येच आवाज तुटला तर सांभाळून घ्या. एपिसोड रत्नागिरीवरच आहे, त्यामुळे हे सगळं विषयाला धरूनच चाललंय.

कोकणात कुणी ओळखीचं भेटलं की दोन प्रश्न ठरलेले. कधी आलीस? कधी जाणार? मला पुण्याहून परत येऊन तीन वर्षं झाली. नोकरी पुण्याच्याच कंपनीत, काम घरून. तरी वाण्याकडे, रिक्षात, लग्नाच्या पंगतीत दुसरा प्रश्न येतोच. आधी राग यायचा. मग एकदा जनगणनेचे आकडे बघितले. २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली आणि आमच्या जिल्ह्याची उलट घटली, सुमारे १७ लाखांवरून १६ लाखांवर. २०११ मध्ये दर १००० पुरुषांमागे बायका होत्या ११२२. पुरुष कुठे गेले हे कोकणातल्या कुणालाही विचारा. चाकरमानी हा शब्द उगाच नाही आला. म्हणजे प्रश्न खोचक नसतो हो, सवयीचा असतो. इथला माणूस जाणारच, हे धरून चाललेलं असतं.

गंमत म्हणजे इंग्रज लोकांना शिक्षा म्हणून इथे पाठवायचे! ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला १८८६ मध्ये आणून ठेवलं, तो १९१६ मध्ये इथेच वारला. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते, जिल्ह्याबाहेर पडायला बंदी. त्यांना मात्र ‘कधी जाणार’ विचारून काही उपयोग नव्हता.

बरं, मला काय आवडतं ते सांगते. साडेसहाला लॅपटॉप मिटला की दहा मिनिटांत मी मांडवीला. पुण्यात तेवढा वेळ एका सिग्नलला जायचा. १८२८ पासूनचं नगर वाचनालय आहे. मिरकरवाड्यावरचा ताजा बांगडा आहे, अर्थात जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा सध्या सुक्यावर भागवतोय.

आणि एकटेपणा? तो आहे. आमच्या दहावीच्या ग्रुपवर ४० जण आहेत. चहाला या म्हटलं तर येणारे तिघं. बाकीचे गणपतीत भेटतात, आणि तेच मला विचारतात, तू कधी जाणार?

आता ज्यासाठी हा एपिसोड करतेय ते. मागच्या वर्षी जुलैत रात्री दोनला बाबांच्या छातीत कळ आली. मी फोन शोधत होते, तेवढ्यात शेजारचे काका छत्री घेऊन दारात. आमच्याकडची लाइट लागलेली बघून आले होते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, वेळ घालवू नका, कोल्हापूर गाठा. म्हणजे साधारण १३० किलोमीटर आणि मध्ये आंबा घाट. ॲम्ब्युलन्समध्ये बाबा आणि मी, मागे काकांच्या गाडीत आई. घाटात धुकं असं की समोरचं वळण दिसेना, फोनला रेंज नाही. बाबा विचारत होते, साखरपा गेलं का? तीनदा विचारलं. मी दर वेळी हो म्हटलं. पहिल्या दोन वेळा ते खोटं होतं.

बाबा बरे आहेत. २०२३ मध्ये इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय, तेव्हा पुढे कुणाला असा घाट चढावा लागू नये. पण त्या रात्री मला पुण्यातलं घर आठवलं, जिथून मोठं हॉस्पिटल दोन सिग्नलवर होतं. आणि हेही आठवलं, की तिथे समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते मला दोन वर्षांत कळलं नव्हतं.

काकांनी पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. दोन महिन्यांनी मी भाट्याच्या किनाऱ्यावर एका मित्राबरोबर बसले होते, तर मी घरी पोचायच्या आत आईला फोन गेलेला. कुणाचा, ते ओळखा. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. खरं सांगू? त्यांना माझा राग कळलाच नाही. रात्री दोनची लाइट बघणारे डोळे संध्याकाळी भाट्यावर मिटून ठेवायचे, हे त्यांना सुचलंच नसणार.

आता कंपनीची मेल आलीये. पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला यावं लागेल, शुक्रवारपर्यंत कळवा. बाबा म्हणतात, जा, आमची काळजी करू नकोस. आई काहीच म्हणत नाही, पण माझी मोठी बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवलीये. का, ते मी विचारलेलं नाही.

आज सकाळी दूध आणायला गेले तर काका भेटलेच. कधी जाणार, म्हणाले. तीन वर्षं मी हसून ‘नाही जाणार हो’ म्हणायचे. आज नुसतंच म्हटलं, पाऊस वाढलाय काका, आत चला.

थांबा, लाइट परत गेली वाटतं.