शाहूनगरीत आपले स्वागत

परिषदेसाठी महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवा येथून आलेल्या अभियंता बंधुभगिनींनो,

शाहूनगरीत, म्हणजे साताऱ्यात, आपले मनःपूर्वक स्वागत! अपारंपरिक वीज वाढत असताना पश्चिम विभागाच्या ग्रिडची आखणी कशी करावी, यावर आपण दोन दिवस बोलणार आहात. पण पाहुणा दारी आला की आधी घर दाखवावे, ही आमची रीत.

थोरल्या शाहू महाराजांनी ही राजधानी वसवली. प्रतापसिंह महाराजांनी तिला पाठशाळा दिली, छापखाना दिला. १८३९ साली इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून काशीला धाडले. त्यांची कैफियत मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे १४ वर्षे तिथे झगडत राहिले. १८४७ मध्ये महाराज वारले, पाठोपाठ राज्य खालसा झाले, तरी हा माणूस हटला नाही. सत्तावन्नच्या धामधुमीत त्यांचा मुलगा सीताराम फासावर गेला. स्वतः रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. आज जिल्ह्याबाहेर त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, याचे मला फार वाईट वाटते. त्यांची आठवण जपणाऱ्या चार भिंतींवर आपण जरूर जाऊन या. प्रतापसिंह हायस्कूलही पाहा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमराव आंबेडकरांचे नाव तिथेच दाखल झाले.

आणि कासचा तलाव! त्याचे पाणी डोंगरउताराने आपसूक शहरात येते. उंचीचा असा उपयोग आमच्या जिल्ह्याने आधीच ओळखला होता. पुढे १,९६० मेगावॉटची कोयना उभी राहिली, चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या आल्या. वारा पावसाळ्यात भरभरून, ऊन दिवसापुरते. संध्याकाळी दिवे लागताना धावून येते ती कोयनाच. पण तिला पश्चिमेकडे वळवायला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीच पाणी आहे. ते भर उन्हात खर्चू नये, संध्याकाळसाठी राखावे आणि पाणी पुन्हा वर चढवणारे उदंचन प्रकल्प लवकर व्हावेत, एवढी या जिल्ह्याची आपल्याला कळकळीची विनंती आहे. सौरप्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहतो, पारेषण वाहिनीला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून तिची आखणी आधी हवी.

कासच्या पठारावर फुलांचा बहर सुरू असल्याने लॉजवर खोल्या मिळाल्या नाहीत. काही प्रतिनिधींची सोय कार्यालयांत आणि कार्यकर्त्यांच्या घरी करावी लागली. गरम पाणी पाळीपाळीने मिळेल, गाड्याही थोड्या लांब लावाव्या लागतील. काही उणे राहिले तर ते पदरात घ्यावे. ज्यांनी मंडप दिला ते व्यापारी, भोजनाचा भार उचलणारे साखर कारखान्यांचे संचालक, कंदी पेढे देणारे मिठाईवाले, औषधपेटी घेऊन बसलेले डॉक्टर, नगरपालिकेचे सफाई कर्मचारी, रात्री दोनला एसटी स्टँडवर पाहुण्यांना घ्यायला उभी राहिलेली कॉलेजची मुलेमुली, या सर्वांचे ऋण मी कसे फेडू? कासच्या पठारावर जाणाऱ्या गाड्या उद्या सकाळी सातला राजवाड्यासमोरून सुटतील. वर वारा बोचरा असतो, स्वेटर बरोबर ठेवा.