आमच्या घराचे मुराळी



यंदा माघात आमचे तात्या गेले. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. मुरबाडच्या एका भातगिरणीत मापाडी म्हणून त्यांनी उमेदीची वर्षं काढली, आणि राहिलेला वेळ घरच्या खाचरांत. कधी सरपंचकीला उभे राहिले नाहीत, कुठल्या सभेत बोलले नाहीत. पण त्यांच्या तेराव्याला शहापूर तालुक्यातून टेंपो भरून माणसं आली आणि त्यांत म्हाताऱ्या बायाच जास्त होत्या. त्या बायांचे तात्या कोण लागत होते, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

तात्यांच्या चारही बहिणी, माझ्या आत्या, शहापूर तालुक्यात दिलेल्या. किन्हवली, डोळखांबच्या बाजूला. नागपंचमी आली, गौरी आल्या, भाऊबीज आली, की त्यांना माहेरी आणायला मुराळी म्हणून तात्या निघायचे. आज सरळगावहून किन्हवलीमार्गे शहापूर म्हणजे जवळचा पल्ला. तेव्हा एसटीची एखादीच फेरी, आणि श्रावणात काळू नदी दुथडी भरून वाहू लागली की त्या फेरीचाही भरवसा नाही. मग तात्या मुरबाडहून कल्याणला जायचे, तिथून कसारा लोकलनं आसनगाव, पुढे शहापूर, आणि शेवटी गुडघाभर चिखल. शहापूर तालुक्यातल्या वाशिंदपर्यंत आगगाडी 1855 सालीच पोचली. मुरबाडला ती अजूनही आलेली नाही. शेजारच्या तालुक्यात जायला एवढा वळसा, पण एकही सण त्यांनी चुकवला नाही.

आत्यांपैकी एकीलाही अक्षरओळख नव्हती. पत्र लिहायचं कुणी आणि वाचायचं कुणी? माहेरची खबर म्हणजे दारात उभे राहिलेले तात्या. पुढे आमच्याच मुरबाड तालुक्यात फांगण्याला 8 मार्च 2016 रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी-सत्तरी उलटलेल्या बाया गुलाबी नऊवारी नेसून पाटी-दप्तर घेऊन शाळेत बसू लागल्या. तात्या मुद्दाम ती शाळा पाहून आले. त्या रात्री जेवताना फारसं बोलले नाहीत. थोरली आत्या जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती.

एक प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला आहे. वैशाखात तात्यांबरोबर धाकट्या आत्याकडे गेलो होतो. तिला पहिलटकरणीला बाळंतपणासाठी घेऊन यायचं होतं, आणि तिची सासू काही पाठवायला तयार नव्हती. कामाला, त्यातही पाणी भरायला, हात कमी पडतील, हे खरं कारण. शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावातून 1892 सालापासून मुंबईला पाणी जातं, पुढे भातसा धरणाचंही जाऊ लागलं. तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण, ती आजही आहे. आम्ही पोचलो तेव्हा सात महिन्यांची गरोदर आत्या डोक्यावर हंडा-कळशी घेऊन ओहोळातल्या डवऱ्यावरून चढण चढत होती. तात्यांनी हंडा उतरवून घेतला. टोपी खिशात घातली, तिची चुंबळ आपल्या डोक्यावर ठेवली आणि ते डवऱ्यावर गेले. डवऱ्यात पाणी झिरपायचं, ते वाटीनं भरायचं, हंड्याच्या तोंडाला उपरणं बांधून गाळायचं. ओट्यावरचे पुरुष हसले. एकजण म्हणाला, “पावनं, बायकांचं काम करताव व्हय?” तात्या म्हणाले, “बहीन दमलीय,” आणि दुसऱ्या खेपेला निघाले. दिवस मावळेपर्यंत रांजण, पिंप, गुरांची डोण, सगळं भरलं. सासूबाईंनी रात्री भाकरी वाढताना आपणहून सांगितलं, “उद्या घेऊन जा तिला.” तात्या कुणाला एक शब्दही लावून बोलले नव्हते.

घरातही तसेच. लावणीच्या दिवसांत काकू चिखलात वाकलेल्या असायच्या, तर सकाळच्या भाकऱ्या तात्या थापायचे. पहिल्या पावसाबरोबर रानात शेवळं फुटली की ती आणायची, निवडायची, खाज जावी म्हणून बरोबर काकडं जमवायची आणि पळसाच्या पानांत बांधून बहिणींकडे रवाना करायची. पौष पौर्णिमेला म्हशाला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. लोक बैल बघायला, घोंगडी घ्यायला जातात. तात्या भाचरांना घेऊन जायचे, खांद्यावर एक, बोटाला दोन. हातोलीची मिठाई घ्यायचे ती मुलामुलींना सारखी.

आणि त्या तेराव्याच्या बाया? आत्यांच्या गावात मुरबाडकडच्या आणखी लेकी दिलेल्या होत्या. कुणाला भाऊ नव्हता, कुणाचा होता पण येत नव्हता. तात्या त्यांच्याही सासरी जाऊन रीतसर विचारायचे, आणि आपल्या बहिणीबरोबर त्यांनाही माहेरच्या दारापर्यंत आणून सोडायचे. सण झाला की परत पोचवायचे. आम्हाला हे त्या बायांनीच सांगितलं, तात्या गेल्यावर.

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 रोजी क्रांतिकारक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. दर वर्षी तिथे लोक जमतात, जमायलाच हवं, तात्याही जायचे. पण घर जपणाऱ्या मवाळ पुरुषाची आठवण काढायची आपल्याकडे रीत नाही. ज्याच्या खाकरण्यानं घर चिडीचूप व्हायचं, अशा वडीलधाऱ्यांच्या गोष्टी आपण कौतुकानं सांगतो. मला ते कौतुक पटत नाही. तात्या ओसरीवर आले की आम्ही पोरं उठून पळत नव्हतो, त्यांच्याजवळ सरकून बसत होतो. मोठेपणा म्हणतात तो मला यातच दिसला.

श्रोतेहो, श्रावण तोंडावर आला आहे. तुमचीही कुणी बहीण, आत्या, चुलतबहीण सासरी असेल. तिला फोनवर ‘ये’ म्हणू नका. एक दिवसाची रजा काढा, स्वतः जा आणि तिला घेऊन या. वाटेवर भाऊ नसलेली कुणी असेल तर तिलाही विचारा.