हुलिया

मघापासून पडद्याआडून डोकावणाऱ्या ढेमसा नाचाच्या पोरापोरींनो,

आत्ता सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी माझा परिचय करून दिला. करारी, शिस्तप्रिय, मनमिळाऊ. ऐकून बरं वाटलं. पण हेच तीन शब्द मागच्या वर्षीच्या पाहुण्यांना घालून बघा, पुढच्या वर्षीच्यांना घाला, कुणालाच सैल होणार नाहीत. ताई, तुमचा दोष नाही. मी पोलीस खात्यात ३१ वर्षं हेच केलं.

माझं काम लिखापढीचं. कुणी हरवल्याची खबर घेऊन आलं की माणसाचं वर्णन मी लिहून घ्यायचो. रंग सावळा, बांधा मध्यम, चेहरा गोल, नाक सरळ, केस काळे. आमचे जुने हवालदार याला उर्दूत ‘हुलिया’ म्हणायचे. आपलं राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात. मग नांदेडला जोडलं आणि १९५९ साली चांद्याला. जिल्हे बदलले, पण हुलिया काही म्हाताऱ्यांच्या तोंडातून गेला नाही. आता विचार करा, सावळा, मध्यम, गोल, सरळ, काळे. आज या मंडपातले निम्मे लोक मला त्या वर्णनावरून ताब्यात घेता येतील.

एका पावसाळ्यात नदीकाठच्या गावातली एक बाई ठाण्यात आली. १९ वर्षांचा मुलगा चार दिवसांपासून घरी नाही. मी रजिस्टर ओढलं. उंची? तिनं उभं राहून डोक्यावर हात धरून दाखवला. मी न बघताच लिहिलं, ५ फूट ६ इंच. चेहरा? “चांगला हाये.” मी लिहिलं, गोल. अंगात काय होतं? निळा शर्ट. अंगठ्यासाठी मी शाईचा पॅड पुढं केला, तर ती म्हणाली,

“साहेब, थे बी लिहा ना. त्याले वाकाची सवय हाये.”

“वाकायची म्हणजे?”

“आमच्या घराचं दार ठेंगणं हाये. लहानपनी दोनदा कपाळ फुटलं त्याचं. तवापासून कुठीबी दार आलं का वाकते. तुमच्या या दारातूनबी वाकूनच येईन.”

वाकण्यासाठी रजिस्टरात रकाना नव्हता. मी लिहिलं नाही.

अकराव्या दिवशी, दुपारची वेळ. आमच्या ठाण्याचं दार जुन्या बांधणीचं, चांगलं आठ फुटी, दोन पल्ल्यांचं. हत्तीचं पिल्लू येईल एवढं. एक पोरगा पायरी चढून दाराशी थबकला, मान खाली घातली, वाकला आणि आत आला. त्यानं तोंड उघडायच्या आत मी त्याला नावानं हाक मारली. आई मागून येत होती, बाहेर चप्पल काढत होती. बापाशी भांडून तो कागजनगरला हॉटेलात कामाला राहिला होता आणि आपणहून परत आला होता. चेहरा लांबट. शर्ट लाल. उंची सहा फुटाला बोटभर कमी. कपाळावर खोक होती, तीसुद्धा मी विचारली नव्हती. माझ्या कागदावरून तो जन्मात सापडला नसता.

त्या एका वाकण्यात त्याची उंची आली, त्याचं घर आलं, ती खोक आली, आणि दार कुणाचंही असो, ते आपल्यापेक्षा ठेंगणंच असणार हा त्याचा हिशेबही आला.

माणूस रकान्यांत बसवणारा मी काही पहिला नाही. पॅरिसच्या पोलिसांत १८८० च्या दशकात अल्फोन्स बर्टिलाँ नावाचा एक कारकून होता. त्यानं हाताबोटांची, डोक्याची मापं घेऊन गुन्हेगार ओळखायची पद्धत बसवली. कानाच्या आकाराचंसुद्धा वर्णन ठरवून दिलं. पुढं बोटांचे ठसे आले, त्यांचं कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात उघडलं, आणि ती मापं मागं पडली. आमच्या खात्याचं ठशांवर भागतं. निबंध लिहिणाऱ्या तुम्हा मुलांचं भागत नाही.

निवृत्त झाल्यावर मी ‘लीळाचरित्र’ वाचायला घेतलं. ठिकाण अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर, काळ तेराव्या शतकाचा शेवट. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी गेल्यावर, ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं होतं त्यांना स्वामींचे शिष्य म्हाइंभट गाठत हिंडले. स्वामी कुठं बसले, काय जेवले, कुणाला काय म्हणाले. महदाइसेसारख्या बायांच्या आठवणीही त्यात आहेत. खात्याच्या भाषेत याला जबाब घेणं म्हणतात! मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ जबाबांतून उभा राहिला, हे कळल्यावर मी घरात एकटाच हसलो. मग हसू थांबलं. म्हाइंभटांकडे छापील रकाने नव्हते. बाई सांगेल ते त्यांनी घेतलं असणार. मी शाईचा पॅड पुढं केला होता.

आता तुमच्याकडे येतो. मुख्याध्यापक सरांनी परवा ‘माझे आजोबा’ या विषयावरचे ४२ निबंध माझ्याकडे पाठवले. त्यांतले ३६ आजोबा प्रेमळ आहेत. एका मुलाचे आजोबा रोज सकाळी समुद्रावर फिरायला जातात. राजुऱ्यात! त्या आजोबांना निबंधमालेच्या पुस्तकातून इथं यायला फार त्रास झाला असेल.

पण एक निबंध मी तीनदा वाचला. नववीतल्या मुलीचा आहे. तिचे आजोबा कोळशाच्या अंडरग्राउंड खाणीत होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. ती लिहिते, रात्री लाइट गेली की आजोबा खाटेवर उठून बसतात आणि काडेपेटी शोधायच्या आधी त्यांचा हात कपाळावर जातो, कॅपलॅम्प लावायला. तिथं टोपी नसते. मग ते हात तसाच डोक्यावरून मागं नेतात, केस सारखे केल्यासारखा. डोक्यावर केस नाहीत.

एवढं लिहून तिनं पुढची ओळ लिहिली आहे, ‘असे माझे आजोबा खूप कष्टाळू आहेत.’

बाळ, तू या गर्दीत कुठं बसली आहेस मला दिसत नाही. बक्षीस घ्यायला स्टेजवर येशील तेव्हा पेन घेऊन ये. निबंध माझ्या खिशात आहे. ती शेवटची ओळ आपण दोघं मिळून खोडू.