मुंबई ते चिपी : अंतर किती आणि वेळ किती?

मालवणच्या माणसास मुंबईचें अंतर विचारलें, तर तो सहसा किलोमीटर सांगत नाहीं, वेळ सांगतो. आगबोटींच्या काळीं हा हिशेब मुंबईच्या धक्क्यापासून होई, आणि पावसाळ्यांत बोटी बंद पडल्या म्हणजे तोही थांबे. १९९८ सालीं कोंकण रेल्वे सबंध मार्गावर सुरू झाली, आणि रात्रीं मुंबईस गाडींत बसलेला चाकरमानी सकाळीं कुडाळास उतरूं लागला. पुढें ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं परुळ्यानजीक चिपीच्या सड्यावर विमानतळ उघडला, तेव्हां हीच वाट आकाशांतून किती, हा प्रश्न घरोघर निघाला.

त्याचें उत्तर श्रोत्यांस नकाशावरूनच काढतां येईल. अक्षांशाची एक कला म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, अर्थात् १,८५२ मीटर. खलाशी आणि वैमानिक दोघेही हेंच माप वापरतात. मुंबईचा विमानतळ सुमारें १९ अंश ५ कलांवर, चिपी सुमारें १६ अंशांवर. फरक १८५ कलांचा, म्हणजे सुमारें ३४३ किलोमीटर. चिपी थोडी पूर्वेसही आहे. तें जमेस धरतां सरळ अंतर ३५० किलोमीटरांच्या आसपास येतें. सडकेनें तेंच पांचशेंच्या घरांत जातें.

आरंभीं या मार्गावर ए. टी. आर. जातीचें, पंख्यांचें विमान होतें. त्याचा वेग तासीं सुमारें ५०० किलोमीटर. म्हणजे पाऊण तासही नको! परंतु वेळापत्रकांत सकाळीं ११-३५ ला निघणें आणि दुपारीं १ ला पोंचणें, अशीं ८५ मिनिटें होतीं. उरलेला वेळ जातो कोठें? वेळापत्रकाचें घड्याळ विमान जागचें हलल्यापासून तें पुन्हां जागेवर उभें राहीपर्यंत चालतें. मुंबईच्या दोन धांवपट्ट्या एकमेकींस छेदतात. दोहोंचा वापर एकदम करतां येत नाहीं, म्हणून तेथें रांग लागते. चढतांना विमानाचा वेग कमी असतो, आणि उतरतांना वळून धांवपट्टीची दिशा धरावी लागते. शिवाय उतारूस तासभर आधीं विमानतळ गांठावा लागतो. आणि चिपीहून मालवण पक्ष्याला जवळ असलें, तरी मोटारीला कर्लीची खाडी पुलापर्यंत वळसा घेऊनच ओलांडावी लागते.

आतां खरा प्रश्न. परळच्या खोलींत संध्याकाळीं निरोप येतो : आई अत्यवस्थ आहे. त्या पहिल्या वेळापत्रकाप्रमाणें दिवसाचें एकुलतें एक विमान केव्हांच गेलेलें असतें. रात्रीची गाडी पकडणारा मुलगा दुसऱ्या दिवशींचें विमान मुंबईहून उडण्यापूर्वींच घरीं पोंचतो. तोच निरोप भल्या पहांटे आला, तर मात्र विमान त्याला दिवेलागणीपूर्वीं आईच्या उशाशीं नेऊन बसवतें.

अंतर नकाशावर मोजावें, वेग यंत्राचा पाहावा. प्रवासाचा वेळ मात्र निरोप हातीं पडल्यापासून घरचा उंबरठा ओलांडीपर्यंत धरावा.