नळाची पाळी आणि राज्यघटना



मार्च २०२२ मध्ये आपल्या सोलापूर महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये, ऐन सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत. मधली जवळजवळ चार वर्षे या शहराला एकही नगरसेवक नव्हता. आरक्षणाचे आणि प्रभागरचनेचे वाद सर्वोच्च न्यायालयात अडकले होते, हे खरे. पण त्या काळात आपण काय करत होतो? कट्ट्यावर, पंगतीत, फोनवर आपण दिल्लीविषयी बोलत होतो. कोणत्या पक्षातून कोण फुटले यावर सख्ख्या भावांनी अबोला धरला. १९३० साली ज्या नगरपालिकेवर तिरंगा फडकला, तिचे सभागृह रिकामे पडले आणि आपल्याला त्याची टोचणी लागली नाही. मला याचे मनापासून दुःख आहे.

मी परंपरावादी माणूस आहे आणि ते सांगताना मला संकोच वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जे टिकले ते मोडण्याआधी दहा वेळा विचार करावा आणि प्रत्येक दुखण्याचे औषध सरकारकडे मागू नये, असे मी मानतो. पण माझ्याच विचाराच्या मंडळींना आज काही सांगायचे आहे. देऊळ जपावे, झेंडा जपावा, उत्सव जपावेत. त्यांच्याबरोबर रांग, हिशेब आणि दिलेला शब्द हेही वारशातच आले आहेत, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत चालले आहेत.

जुन्या मिलचे उदाहरण घ्या. ती म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, या गावाची अन्नदाती. तिच्या भोंग्यावर घरोघरी चुली पेटायच्या. १९४९ साली ती बंद पडली आणि हजारो कामगारांच्या पोटावर पाय आला. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने खास या एका गिरणीसाठी वटहुकूम काढला, पाठोपाठ संसदेने कायदा केला. गैरकारभारामुळे गिरणी बंद पडली, असे कारण त्यात दिले होते. जुने संचालक गेले, सरकारने नेमलेले आले. एक भागधारक, चिरंजितलाल चौधरी, नव्या कोऱ्या राज्यघटनेचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९५० मध्ये बहुमताने हरले. पुढे दुसरे भागधारक, द्वारकादास श्रीनिवास, लढले आणि डिसेंबर १९५३ मध्ये जिंकले. भरपाई न देता मालमत्ता अशी ताब्यात घेता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. मग १९५५ साली सरकारने घटनेतच चौथी दुरुस्ती केली. त्या दुरुस्तीमागे जे निकाल होते, त्यांत हा सोलापूरचाही होता.

कायद्याचे विद्यार्थी आजही हे खटले वाचतात. सोलापूरकराला मात्र ते क्वचितच ठाऊक असतात.

कामगारांची कड घेणाऱ्या सरकारला मी दोष देणार नाही. उपाशी माणसाला घटनेचे कलम वाचून दाखवता येत नाही. तरीही द्वारकादासांच्या बाजूने झालेला निकाल मला मोलाचा वाटतो, कारण सरकार कितीही चांगल्या हेतूने आले तरी उंबऱ्याबाहेर थांबून त्याने विचारले पाहिजे. एवढे होऊनही गिरणी वाचली नाहीच. वटहुकूम संचालक बदलू शकतो, कायदा मालकी बदलू शकतो. पण दुसऱ्याचा पैसा आपल्या हाती आहे म्हणून रात्री हिशेब जुळल्याशिवाय झोपायचे नाही, ही सवय संसदेला पुरवता येत नाही. ती घरातून येते. आमच्या लहानपणी गणेश मंडळाचा जमाखर्च विसर्जनानंतर फळ्यावर लागायचा. आज किती मंडळे लावतात ते आपापल्या गल्लीत बघा.

आता घराच्या अगदी दाराशी येऊ. उजनी धरण काठोकाठ भरले तरी आपल्या नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी पाळी येते, कधी रात्री-बेरात्री. पाण्याच्या दिवशी घरातले पाहुण्याकडेसुद्धा जात नाहीत. बॅरल, हौद, कळशा, पातेली, सगळे मांडून ठेवायचे. पाणी सुटले की पाच मिनिटांत कोणीतरी नळाला थेट मोटर जोडतो. त्याच्या गच्चीवरची टाकी वाहू लागते आणि बोळाच्या टोकाच्या घरात नळ नुसता सूं सूं करतो. तिथे एखादी म्हातारी कळशी लावून बसलेली असते. मग शेजारीही मोटर लावतो, कारण पहिल्याने लावली. महिन्याभरात सगळ्या बोळाला मोटरी होतात आणि पाणी कोणालाच पुरत नाही. पालिकेचे पथक येते, मोटरी जप्त करते, आठवड्याने नव्या येतात.

पाणी कमी आहे, नियोजन ढिले आहे, आणि त्याचा जाब पालिकेला विचारलाच पाहिजे. पण ती मोटर पालिकेने लावलेली नाही. देशासाठी प्राण देईन म्हणणारा माणूस टोकाच्या घरासाठी अर्धा तास थांबू शकत नसेल, तर त्याचे देशप्रेम मला अपुरे वाटते. देश बराचसा त्या टोकाच्या घरातच राहतो.

नियम असले तरी पाळणारा माणूस हवा; घटनेचेही तसेच. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की, घटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट निघाले तर ती वाईट ठरेल. राजकारणातली व्यक्तिपूजा अधोगतीकडे नेते, असेही ते म्हणाले. त्याआधीच्या वर्षी त्यांनी सांगितले होते की घटनात्मक नीती माणसात उपजत नसते, ती अंगी बाणवावी लागते. बाबासाहेबांना कोणी परंपरावादी म्हणणार नाही. पण सवय लावावी लागते, हे त्यांचे म्हणणे प्रत्येक परंपरावाद्याने उराशी धरावे असे आहे.

ती सवय कशी बाणवायची, हे या गावाला शिकवायला नको. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. कोणता पुढे, कोणता मागे, कोणाचा मान, हे ठरलेले. वेगवेगळ्या समाजांचे मानकरी आपापल्या जागी असतात. नंदीध्वजाची काठी पेलायची म्हणजे नुसते दंडातले बळ पुरत नाही. कमरेच्या पट्ट्यात बुंधा बसवायचा, नजर वर शेंड्याकडे, पाय जमिनीचा अंदाज घेत, आणि थकायच्या आधी दुसऱ्याने खांदा द्यायचा. त्यासाठी पोरे आधीपासून सराव करतात. अडुसष्ट लिंगांची फेरी बाराबंदी घालून लोक चालतात, आणि आपला क्रम सोडून पुढे घुसावे असे कोणाच्या मनात येत नाही. हीच माणसे दुसऱ्या आठवड्यात सिग्नल तोडतात. म्हणजे शिस्त आपल्या अंगात आहे. ती देवापुढे जागी होते, शेजाऱ्यापुढे होत नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे. आपल्या बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक असतात आणि बोट प्रत्येक जण दुसऱ्याकडे दाखवतो. कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे. नागरिकांनी बसायचे, नगरसेवकाने उत्तरे द्यायची. आता सभागृह पुन्हा भरले आहे, तर आपल्या नगरसेवकाला क्षेत्रसभेची तारीख विचारा. पक्ष कोणताही असो, विचारा. पहिल्या सभेत विषय एकच ठेवा : आपल्या बोळातले पाणी. सभेच्या सतरंजीवर मोटर लावणारा बसलेला असेल आणि टोकाच्या घरातली म्हातारीही. आधी तिला बोलू द्या.