पेशी रुग्णाच्या, मालकी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



औषध म्हटले की गोळी, बाटली किंवा सुई डोळ्यांपुढे येते. कारखान्यात लाखांनी तयार होणारी, दुकानात मांडून ठेवता येणारी आणि चिठ्ठी दाखवून विकत घेता येणारी ती एक वस्तू असते. गेल्या काही वर्षांत मात्र वैद्यकशास्त्राच्या हाती असे एक औषध आले आहे की, जे कोणत्याही दुकानात मिळू शकत नाही. कारण त्याचा कच्चा माल म्हणजे स्वतः रुग्णाचे रक्त. 'कार-टी' या नावाने हा उपचार ओळखला जातो. तो कसा तयार होतो, कोणाच्या पैशाने उभा राहिला आणि कोणाच्या वाट्याला येतो, या तीन प्रश्नांची उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर आजच्या औषधव्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट होते.

माणसाच्या रक्तात टी-पेशी नावाचे पहारेकरी असतात. विषाणूंनी ग्रासलेल्या पेशी ओळखून त्यांचा नाश करणे हे त्यांचे काम. कर्करोगाच्या पेशी मात्र शरीरातूनच उपजलेल्या असल्यामुळे हे पहारेकरी पुष्कळदा फसतात. या उपचारात रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातील टी-पेशी वेगळ्या काढल्या जातात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांच्यात एक नवे जनुक पोहोचवले जाते. त्या जनुकामुळे पेशीच्या पृष्ठभागावर असा एक ग्राही तयार होतो की, जो रक्तातील बी-पेशींवरची 'सीडी-१९' ही खूण अचूक ओळखतो. बी-पेशींपासून उद्भवणाऱ्या काही रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कर्करोगांत हीच खूण असते. अशा शिकवून तयार केलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात आणि त्याच रुग्णाच्या शिरेतून परत सोडतात. एकासाठी तयार केलेले हे औषध दुसऱ्याच्या उपयोगाचे नसते.

या उपचाराचे गुणगान करताना त्याच्या मर्यादाही लक्षात ठेवल्या पाहिजेत. तो सर्व कर्करोगांवर चालत नाही. काहींना गुण येत नाही, काहींचा आजार उलटतो. सोडलेल्या पेशींनी उठवलेल्या दाहाच्या वादळात रुग्ण अत्यवस्थ होऊ शकतो, म्हणून अतिदक्षता विभाग हाताशी असावा लागतो. तरीही, ज्यांच्या बाबतीत सारे उपाय थकले होते अशा अनेकांना या उपचाराने आयुष्य मिळवून दिले आहे, ही गोष्ट निर्विवाद आहे.

आता दुसरा प्रश्न. टी-पेशीला असा कृत्रिम ग्राही बसवता येतो, हे इस्रायलमधील वाइझमन संस्थेत झेलिग एशहार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवून दिले. त्यानंतर दोन दशके हे काम विद्यापीठांत आणि सार्वजनिक संशोधन संस्थांत चालू राहिले. अमेरिकेत त्याला राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा, म्हणजे करदात्यांचा, पैसा मिळत होता. यश अनिश्चित होते, तोवर बड्या कंपन्या बहुतांशी दूरच राहिल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल जून यांच्या चमूने केलेला उपचार २०१२ साली सहा वर्षांच्या एका मुलीवर यशस्वी झाला. त्याच वर्षी नोव्हार्टिस कंपनीने त्या विद्यापीठाशी करार केला. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत विक्रीची परवानगी मिळाली आणि किंमत ठरली ४,७५,००० डॉलर. त्या वेळच्या दराने सुमारे ३ कोटी रुपये. संशोधनाचा धोका समाजाने पत्करला आणि किंमत ठरवण्याचा अधिकार मात्र कंपनीकडे गेला!

या पार्श्वभूमीवर आपल्या देशात, किंबहुना मुंबईत, जे घडले ते अभिमानास्पद आहे. पवईच्या आयआयटीतील राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने आणि टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांनी हा उपचार येथेच, स्वतंत्रपणे विकसित केला. जून २०२१ मध्ये खारघर येथील केंद्रात पहिल्या रुग्णावर तो झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार-१९' या नावाने त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते आयआयटीत त्याचे लोकार्पण झाले. चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ साली 'लॅन्सेट'च्या रक्तविज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांनुसार, ज्यांच्यावरील परिणाम मोजता आला, अशा सुमारे ७३ टक्के रुग्णांना उपचाराचा गुण आला. याही कामामागे सार्वजनिक संस्था, सार्वजनिक रुग्णालय आणि सरकारी अनुदान होते.

परंतु उत्पादनासाठी जी संस्था उभी राहिली, ती आयआयटीच्या आश्रयाने निघालेली एक खाजगी कंपनी होय. यासाठी त्या वैज्ञानिकांना दोष देण्याचे कारण नाही. प्रयोगशाळेतला शोध रुग्णापर्यंत नेण्याची दुसरी वाट शासनाने ठेवलीच नसेल, तर त्यांनी दुसरे काय करायचे? अमेरिकेतील किमतीच्या सुमारे एक-दशांशात हा उपचार त्यांनी आणून दाखवला, हे श्रेय त्यांचेच आहे. तथापि, एक-दशांश म्हणजे तरी किती? प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार ३० ते ५० लाख रुपये. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेचे कवच एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे आहे. उरलेले किमान २५ लाख कोणी आणायचे? गडचिरोलीचा शेतमजूर किंवा इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार जन्मभराची मजुरी साठवूनही तेवढी रक्कम उभी करू शकणार नाही. परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांचे नातलग मुक्काम करतात, हे दृश्य मुंबईकरांना नवे नाही. ज्या रुग्णालयात हा उपचार घडला, त्याच्याच दारातल्या माणसाला तो परवडत नाही, ही या कथेतील खरी विसंगती आहे.

येथे कोणी म्हणेल, पेटंट मोडा म्हणजे किंमत उतरेल. तो अनुभव आपल्या गाठीशी आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाला पेटंट नाकारले, औषध बनवण्याच्या रीतीलाच मर्यादित मुदतीचे पेटंट दिले आणि त्यातून देशी औषधनिर्मिती बहरली. जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली २००५ साली हा कायदा बदलला. तरीही त्यात काही शस्त्रे शिल्लक राहिली. मार्च २०१२ मध्ये मुंबईतील पेटंट नियंत्रकांनी बायर कंपनीच्या कर्करोगावरील औषधासाठी एका भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला. ही शस्त्रे जपलीच पाहिजेत.

पण नव्या उपचाराच्या बाबतीत ती पुरी पडणार नाहीत. गोळीचे रासायनिक सूत्र कळले की दहा कारखाने तीच गोळी पाडू शकतात आणि स्पर्धेने भाव उतरतो. जिवंत पेशींचे औषध असे पाडता येत नाही. त्याला निर्जंतुक खोल्या, कुशल हात, विषाणूवाहक तयार करण्याची सोय आणि प्रत्येक रुग्णासाठी वेगळी तपासणी लागते. म्हणून सूत्रावरील मक्तेदारी मोडली तरी उत्पादनसाधनांवरील मक्तेदारी शिल्लक राहते. समाजवाद्यांना हा भेद नवा नाही. जैवतंत्रज्ञानाने तो औषधाच्या क्षेत्रात ठळकपणे पुढे आणला आहे, एवढेच.

मग उपाय कोणता? त्याचे एक उदाहरण स्पेनमध्ये आहे. बार्सिलोनातील 'हॉस्पिटल क्लिनिक' या सार्वजनिक रुग्णालयाने स्वतःच कार-टी पेशी तयार केल्या आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पेनच्या औषध नियंत्रकांनी त्यांच्या वापरास मान्यता दिली. खर्च कंपन्यांच्या किमतीच्या साधारण एक-तृतीयांश, आणि तोही सार्वजनिक आरोग्यसेवा उचलते. रुग्णाचे रक्त जेथे काढायचे आणि पेशी जेथे परत सोडायच्या, त्या रुग्णालयातच त्या घडवायच्या, हे या उपचाराच्या स्वभावाशी अधिक जुळते. वस्तुतः ही विकायची वस्तू नव्हेच. रक्तपेढीसारखी ती एक सेवा आहे. जाता जाता एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. त्याच सार्वजनिक रुग्णालयाचे तंत्र परवान्याने घेऊन बंगळूरच्या एका कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये भारतीय बाजारात आणले. तेथे जे सेवा म्हणून जन्मले, ते येथे येता येता माल झाले.

काही साथींचा आक्षेप असतो की, क्षयरोग, कुपोषण आणि पंडुरोग यांनी ग्रासलेल्या देशात अशा महागड्या उपचारांची चर्चा कशाला? आक्षेपामागची तळमळ खरी आहे; प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी औषधे नसतात, ही वस्तुस्थिती आहे. परंतु गरिबांनी साध्या आजारांवर समाधान मानावे आणि नवे विज्ञान श्रीमंतांना सोडून द्यावे, असा त्याचा अर्थ होता कामा नये. कर्करोग मिळकत पाहून होत नाही. पेनिसिलीनही एकेकाळी दुर्मीळ होते. ते सरकारी मालकीच्या कारखान्यात तयार व्हावे म्हणून १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. त्या वेळी देश आजच्याहून कितीतरी गरीब होता.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. सार्वजनिक अनुदानावर झालेल्या संशोधनाचा परवाना देताना किमतीची अट आणि हिशेब खुला करण्याचे बंधन घालावे. शासकीय कर्करोग रुग्णालयांना जोडून पेशीनिर्मितीची सार्वजनिक केंद्रे उभारावीत. विषाणूवाहकाच्या उत्पादनाची जबाबदारी सार्वजनिक क्षेत्राने घ्यावी. ज्यांच्यासाठी हा उपचार वैद्यकीय दृष्ट्या आवश्यक आहे, त्यांचा संपूर्ण खर्च शासनाने करावा. त्यात ५ लाखांची मर्यादा आड येऊ नये. आणि या साऱ्याच्या आधी, जिल्हा रुग्णालयातच रोगाचे निदान वेळेवर होईल अशी व्यवस्था हवी. निदानच न झालेल्या रुग्णाला खारघरचे विज्ञान काय कामाचे?

या मागण्या परक्या मुलखातून आणलेल्या नाहीत. टाटा रुग्णालय १९४१ साली एका विश्वस्त निधीच्या दानातून उभे राहिले, १९५७ साली ते केंद्र सरकारने आपल्याकडे घेतले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. दानावर उभ्या राहिलेल्या रुग्णालयाची जबाबदारी शासनाने घेतली, म्हणूनच तेथे हे संशोधन होऊ शकले. त्या संशोधनाचे फळ बाजाराच्या हवाली न करता ते रुग्णापर्यंत नेण्याची जबाबदारीही शासनाचीच आहे. ती शासनाला मान्य करायला लावणे, हे आरोग्याच्या चळवळीचे पुढचे काम आहे. त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत कर्करोगाच्या रुग्णांची, त्यांच्या नातलगांची आणि आरोग्य कर्मचाऱ्यांची संघटित शक्ती उभी करावी लागेल.